साचेखात्यातली साद

मधल्या सुट्टीचा भोंगा झाला. सुट्टी संपल्याचा झाला. आणि थोड्याच वेळात तो पुन्हा वाजू लागला, तो थांबेचना.

फौजदार सिद्धाराम हत्तुरे चौकीत पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होते. तांब्या तसाच ठेवून त्यांनी टोपी उचलली. सोलापुरात गिरणीचा भोंगा अवेळी वाजला, की चाळीतल्या बाया परातीतलं पीठ टाकून दारात येतात. काय झालं, असं कुणी विचारत नाही. कुणाचा, एवढंच विचारतात.

तेहतीस सालचा चैत्र होता. ऊन असं, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पोट टेकून पडलेली.

साचेखात्याच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, थोरल्या शेडमध्ये माणसं दाटीनं उभी होती. मधल्या लाईनच्या पार टोकाला, शाफ्टच्या मोठ्या पट्ट्याखाली, साच्यांवर देखरेख करणारा ज्ञानबा जॉबर पडला होता. साच्यावरचं कोरं कापड फाडून कुणीतरी त्याच्या अंगावर टाकलं होतं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन धुळाप्पा जॉबर बसला होता. रडत नव्हता. मेलेल्याच्या तोंडाकडे एकटक बघत होता, जणू ते तोंड अजून काही बोलेल.

थोड्या अंतरावर दोन पहारेकऱ्यांनी एका तरण्या गड्याला दंडाला धरलं होतं. त्याचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते.

"हा शिवप्पा," मोहोळकर मास्तर म्हणाले. साचेखात्याचे ते वरिष्ठ. ओठ कोरडे पडले होते त्यांचे. "पलीकडच्या लाईनचा जॉबर. लोक धावत आले तेव्हा प्रेताजवळ हा एकटाच होता. आणि परवा भर बैठकीत यानं ज्ञानबाला दम भरला होता."

"सायेब, म्या त्याला सोडवत हुतो!" शिवप्पा ओरडला. "अय्यो, माझं ऐका की कुणीतरी!"

फौजदारांनी वर पाहिलं. छताखाली लांबच लांब लोखंडी शाफ्ट, त्याच्यावर चाकं, चाकांवरून खाली साच्यांना उतरलेले चामडी पट्टे. पट्ट्यांचं नुसतं जंगल. या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसणं शक्य नव्हतं.

"शाफ्ट सुरू कोण करतं?"

"ज्याची त्याची लाईन ज्याचा तो जॉबर," मास्तर म्हणाले. "ही धुळाप्पाची लाईन. तिकडच्या टोकाला दांडा आहे, तो ओढला की शाफ्ट फिरतो."

"आणि वर कुणी काम करत असलं तर?"

"त्याची रीत आहे ना. दांडा ओढण्याआधी जॉबर मोठ्यानं 'पुंडलिक वरदा' म्हणतो. शाफ्टपाशी कुणी असेल तर तो 'हारि विठ्ठल' अशी साद देतो. साद आली, की तो माणूस उतरून समोर येईपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. साद नाही आली, तर वाट मोकळी. मी इथं यायच्या आधीपासून चालत आलंय. देवाचं नाव मधे असल्यावर कुणी थट्टेत साद देत नाही."

फौजदारांनी नकळत हात जोडले. हरिकथेला सगळी कामं टाकून धावणारा माणूस तो. घामाच्या आणि तेलाच्या त्या वासात आपल्या पांडुरंगाला असा राबताना त्यांनी प्रथमच पाहिलं.

प्रेत हलवल्यावर त्यांनी धुळाप्पाला मास्तरांच्या खोलीत बोलावलं. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा धनगर गडी. सगळं खातं त्याला मान देई. तो येऊन फौजदारांच्या अगदी समोर बसला, पाठ खिडकीला लावून.

"तू हाक दिलीस?"

"दिली, सायेब. भोंगा झाला, मान्सं अंगनातनं उठली, मी दांड्यापाशी गेलो आन हाक दिली."

"साद आली?"

"न्हाय."

"नीट आठव, धुळाप्पा. एका माणसाच्या गळ्याचा प्रश्न आहे."

"इठ्ठलाची आन घेतो. मला साद ऐकू आली न्हाय."

"ज्ञानबा तिथं काय करत होता?"

धुळाप्पाचे डोळे भरून आले. "त्येच मला कळंना, सायेब. त्याचं तितं कामच नव्हतं. त्यो माढ्याला हुता, भनीकडं. मला वाटलं, अजून आलाच न्हाय. आमी दोगं येकाच सालात गिरनीत लागलो. रोज सुट्टी संपताना दांड्यापाशी माझ्या शेजारी येऊन हुबा ऱ्हायचा. आज न्हाय आला, तवाच मला..."

मग शिवप्पा. त्याचे हात आता धुतले होते, पण नखांत रक्त तसंच होतं.

"मी मागल्या खिडकीखाली भाकर खात हुतो, सायेब. आतनं धुळामामाची हाक आली. पाठुपाठ ज्ञानबाची साद आली, सपष्ट. मग आनिक येकदा आली. आन शाफ्ट सुटला की! मी खिडकीतनं आत उडी मारली. पट्ट्यानं त्याला वर ओढलं हुतं. शिडी ओढली, चढलो, पट्टा चाकावरनं पाडला. पर तवर..."

"धुळाप्पा म्हणतो, साद आली नाही."

"मग त्यो खोटं बोलतो!"

"त्यानं का खोटं बोलावं? ज्ञानबा त्याचा जिवलग. आणि तू तर भर बैठकीत त्याला म्हणाला होतास, 'तुझं तोंड एकदा बंद करायला पाहिजे.'"

शिवप्पानं कपाळावर हात मारून घेतला. "तोंडाचा फटकळ हाय मी, सायेब. आमच्या आईला इचारा. पर मी बोलतो आन इसरतो."

हवालदार फौजदारांच्या कानाशी आला. "उघड आहे की, साहेब. साद आली नाही, म्हणजे तेव्हा ज्ञानबा शाफ्टपाशी नव्हताच. शाफ्ट सुरू झाल्यावर यानं त्याला चालत्या पट्ट्यावर लोटलं."

हिशोब सरळ होता. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता, आणि खोटं बोलायला कारण एकालाच होतं. शिवप्पाला कोठडीत टाकलं. आठवडा संपायच्या आत कागद कोर्टात धाडा, असा वरून हुकूम आला. आरोप खुनाचा. त्याची शिक्षा सगळ्यांना ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. शिवप्पाची आई, चिमाबाई. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी.

"आत देता का, बाबा? खारी मिरची लावलीया. त्याला लागती."

"देतो, आई."

"फाशी देनार म्हन्त्यात त्याला."

फौजदारांनी फडकं हवालदाराच्या हाती दिलं.

"येकच लेक हाय माझं. लई बोलतंय, पर मुंगी चिरडायची न्हाय त्याच्यानं. मला गिरनीकडनं पैका नगं, कुनाची भीक नगं. माझं लेकरू तेवडं द्या."

ती गेली नाही. दुपारच्या उन्हातही पायरीवर तशीच बसून राहिली.

फौजदार उठून ज्ञानबाच्या चाळीत गेले. मुक्ताबाई, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती. कुंकू पुसलेल्या कपाळावर फिकट डाग राहिला होता.

"बाई, अशा वेळी विचारू नये. पण तुमच्या माणसाचं शिवप्पाशी वैर होतं का?"

"वैर?" ती कडवट हसली. "त्यांचं कुनाशी वैर? शिवाच्या आईला ताप आला, तवा ह्येच रातभर तिच्या उशाला. शिवा असा काय करायचा न्हाय, सायेब."

"माढ्याला कधी गेले होते?"

"शनवारी. बैठक सुटली आन गिरनीतनंच टेसनावर गेलं. भनीला बरं नव्हतं. सोमवारी दुपारच्या गाडीनं आलं. मी म्हनलं, दोन घास खा. तर म्हनले, सुट्टीतच पट्टा चढवायचा हाय, सगळी मान्सं माज्यासाठी खोळंबत्याल. पानीबी उभ्यानंच प्यालं."

"धुळाप्पाला भेटले होते?"

"कवा भेटनार? न्हायतर रोज दोगं संगंच यायचं. वाटंनं ह्यांची बडबड, घरात आलं तरी बडबड. घरातबी तोंड वासून वासून बोलायचं, हात नाचवायचं. गिरनीची सवय." तिचा आवाज चिरला. "आता ह्या घरात कोन बोलनार हो?"

फौजदार खाली मान घालून बाहेर पडले. एक गोष्ट मनाला टोचत होती. सुट्टीत पट्टा चढवायचं काम होतं, हे ज्ञानबाच्या बायकोला ठाऊक. ज्याच्या लाईनचा पट्टा, त्या धुळाप्पाला मात्र ठाऊक नाही?

गिरणीच्या फाटकाशी भीमा जॉबर तंबाखू मळत उभा होता. खात्यातला हा थट्टेखोर. आज मात्र त्याची थट्टा अर्ध्यावर विरत होती.

"शनिवारच्या बैठकीत काय झालं, भीमा?"

"आमची बैठक म्हंजी काय, रावसायेब! मास्तर बोलनार, आमी माना हलवनार. सूत कसलं आलंय, कुनाचा साचा बिघडलाय, असलंच. पर ज्ञानबाची येक खोड हुती. मास्तर म्हनले, 'उद्यापासनं सुताची कांडी उशिरा येनार', की ह्यो लगीच, 'म्हंजी सायेब, कांडी उशिरा येनार!' कुनीबी बोललं की ह्यानं परत म्हनून दावायचं. मी त्याला पोपट म्हनायचो. कुनी म्हनायचं, मास्तरांची चाटतोय. ह्यो आपला हसायचा."

"नेहमीच असं करायचा?"

"लई सालं झाली. त्या शनवारी शिवाचं डोकं फिरलं. 'आरं, येकदा ऐकलं की आमी! तुजं तोंड येकदा बंद कराया पायजे!' मास्तरबी वैतागले हुते. म्हनले, 'आजपासून एकानं बोलायचं आणि एकदाच बोलायचं.' ज्ञानबाचं तोंड येवढुसं झालं, रावसायेब. हात जोडून म्हनला, 'सायेब, येवडी माफी करा, मला ऱ्हावत न्हाय.' मास्तर म्हनले, 'मग बाहेर बसा.' तवा गप बसला."

"बसायचा कुठं?"

"धुळाप्पाच्या बरुबर म्होरं. ती जागा ठरल्याली. कुनी तितं टेकलं, की ह्यो त्याला उठवायचा. मी म्हनायचो, नवरा-नवरीवानी काय बसताय रं!" भीमा हसायला गेला आणि त्यानं उपरण्यानं डोळे टिपले.

मोहोळकर मास्तरांनी उरलेलं सांगितलं. "त्या दिवशी शेवटचा विषय तोच होता. धुळाप्पाच्या लाईनचा पट्टा जीर्ण झालाय, सोमवारच्या मधल्या सुट्टीत ज्ञानबानं नवा चढवायचा. तोवर माढ्याहून ये, म्हणून मी त्याला अर्ध्या दिवसाची रजा दिली."

"हे सगळ्यांसमोर ठरलं?"

"अर्थात. धुळाप्पानं मानसुद्धा डोलावली."

फौजदारांनी चष्मा काढून पुसला. खोटं बोलणारा माणूस सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट नाकारत नाही. खोटं बोलायचंच, तर धुळाप्पानं बरं खोटं सांगितलं असतं. मग तो बैठकीत बसला, मानही डोलावली, आणि तरी त्याला पत्ता नाही, हे कसं?

उत्तर त्यांना चौकीत मिळालं नाही. ते मारुतीच्या देवळात मिळालं.

गुरुवारी दिवेलागणीला तिथं कीर्तन होतं. मन जड झालं की फौजदार देवळाकडे वळत. हाकेला धावून येणाऱ्या देवाचं आख्यान बुवांनी लावलं होतं. सुरेख रंग भरला होता. बुवांच्या मागं टाळकऱ्यांची रांग, आणि त्या रांगेत धुळाप्पा. दुखवट्यातही आला होता. त्याची नजर मृदंगावर खिळली होती. मृदंग्याचा हात पडे, तसा त्याचा टाळ पडे. केसाचाही फरक नाही.

नामाचा गजर चढला. आणि गॅसबत्तीतली हवा उतरली. फुसफुस करीत ती विझली.

अंधार झाला, तरी गजर थांबला नाही. कीर्तनातला अंधार तो! लोकांना उलट जोर चढला. बुवांनी लय वाढवली, टाळ दुप्पट झाले, मृदंग कडाडला. एकच टाळ मात्र मघाच्याच संथ चालीत वाजत राहिला. मग बुवांनी गजर तोडला. टाळ, मृदंग, माणसं, सगळं एकदम थांबलं.

तो एक टाळ थांबला नाही.

त्या गपगार काळोखात तो एकटाच किणकिणत राहिला. पोरं फिदीफिदी हसली. "धुळाप्पा लईच रंगलं बगा," कुणी म्हणालं. कोणीतरी बत्तीला पंप मारला, उजेड झाला. धुळाप्पानं थांबलेला मृदंग पाहिला, आणि टाळ छातीशी घट्ट आवळून धरले.

पांडुरंगा, फौजदारांच्या मनात आलं, हे मला दाखवायला तू दिवा विझवलास होय?

शनिवारी त्यांनी मास्तरांना नेहमीसारखी बैठक भरवायला सांगितली. दोन समोरासमोरचे बाक. सगळे जॉबर आपापल्या जागी. धुळाप्पा खिडकीला पाठ करून बसला. त्याच्या समोरची जागा मोकळी होती. मुक्ताबाईला आणि चिमाबाईला दाराशी बसवलं होतं. शिवप्पाला हवालदारानं बेड्यांसकट आणलं.

फौजदार उठून खिडकीशी गेले. धुळाप्पाच्या पाठीमागं उभे राहून, बाहेर पाहत म्हणाले, "शिवप्पाला मी सोडणार आहे. ज्ञानबाचा जीव कसा गेला, ते मला कळलंय."

सगळ्यांच्या माना गर्रकन वळल्या. चिमाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. भीमा उठून उभा राहिला.

धुळाप्पा तेवढा समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत बसला होता. सगळे आपल्या डोक्यावरून पलीकडे पाहताहेत, हे ध्यानात आल्यावर तो दचकून मागं वळला.

"सायेब, काय म्हनाला?"

भीमा मटकन खाली बसला.

"दोघांपैकी एक खोटं बोलतोय, असं मी धरून चाललो," फौजदार सावकाश म्हणाले. "तिथंच मी चुकलो. दोघंही खरं बोलत होते. धुळाप्पानं हाक दिली. ज्ञानबानं साद दिली, एकदा नव्हे, दोनदा. शिवप्पानं ती बाहेरून ऐकली. धुळाप्पाला ती ऐकू आली नाही. कारण त्याला काहीच ऐकू येत नाही."

"छे!" मास्तर म्हणाले. "रोज आमच्याशी बोलतो तो!"

"तुमच्या ओठांशी बोलतो, मास्तर. साचे चालू असतात तेव्हा इथं सगळेच बहिरे. सगळे ओठांवर आणि हातांवर चालतात. तिथं हा तुमच्यातला सगळ्यांत हुशार. याची पंचाईत होते ती साचे थांबल्यावर. आणि सगळ्यांत जास्त या खोलीत. इथं एक बोलतो, दुसरा मधेच तोडतो, मास्तर कागदात मान घालून सांगतात. याचे डोळे कुठं कुठं पुरणार? म्हणून खिडकी पाठीशी, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर उजेड पडतो. आणि समोर ज्ञानबा."

मुक्ताबाईनं पदर तोंडात धरला.

"तुम्ही त्याला पोपट म्हणालात," फौजदार बाकांवरच्या जॉबरांना म्हणाले. "तो वर्षानुवर्षं या बैठकीतला शब्दन् शब्द आपल्या मित्रासाठी परत म्हणत होता. सगळ्यांची थट्टा झेलून. दांड्यापाशीही तो रोज शेजारी उभा राहायचा, साद आली की नाही ते याला सांगायला. त्या शनिवारी त्याचं तोंड बंद झालं. पट्ट्याचं ठरलं, ते धुळाप्पापर्यंत पोचलंच नाही. ज्ञानबा इथून थेट माढ्याला गेला, वाटेत सांगायचंही राहिलं. सोमवारी तो परस्पर शिडीवर चढला, आणि दांड्यापाशी धुळाप्पा एकटा उरला."

मोहोळकर मास्तरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "एकदाच बोलायचं," ते पुटपुटले. "मी म्हणालो होतो."

फौजदार धुळाप्पाच्या समोर आले आणि ज्ञानबाच्या जागी बसले. त्याला ओठ दिसतील असं तोंड धरून त्यांनी विचारलं, "कान कधीपासून गेले, धुळाप्पा?"

धुळाप्पानं त्यांच्या ओठांवरून प्रश्न वाचला. मग त्याचे खांदे खाली आले.

"आधी पाखरं गेली," तो म्हणाला. "मग नातवंडांचं रडनं. मग सगळंच. बहिऱ्याला जॉबर कोन ठेवंल, सायेब? ज्ञानबा म्हनला, मी हाय की. त्या शनवारी बैठक सुटल्यावर त्यानं दारातनं हातानं इचारलं, समदं कळलं का? गाडीची घाई हुती त्याला. मला कायबी कळलं नव्हतं. पर मघाशी माज्यापायी त्याचा येवडा अपमान झालेला. आनिक काय तरास देऊ, म्हनून मी मान हलवली. कळलं म्हनलं."

"आणि शिवप्पाला धरलं, तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"व्हय." त्यानं तोंड झाकून घेतलं. "शिवा म्हनला साद आली, तवाच मी समजलो. पर ते कबूल करायचं म्हंजी, ज्ञानबानं मला हाक मारली आन मी दांडा वडला, ह्येबी कबूल करायचं. जीभच उचलंना, सायेब. रोज ठरवायचो, आज सांगतो. पायरीवर ह्या म्हातारीला बघायचो आन दुसऱ्या गल्लीनं जायचो."

मुक्ताबाई उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, मला का न्हाय सांगितलं त्यांनी? मी काय परकी हुते?"

"मीच शपथ घातली हुती, वयनी. लेकराची."

ती तशीच उभी राहिली. तिचा हात वर झाला. मारणार, असं सगळ्यांना वाटलं. तिनं तो त्याच्या पागोट्यावर ठेवला, क्षणभर, आणि उचलून घेतला. मग ती भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

हवालदारानं शिवप्पाच्या बेड्या काढल्या. चिमाबाई त्याचं मनगट चोळत राहिली, एकदा हे, एकदा ते. फौजदारांनी धुळाप्पाला सांगितलं, की त्यानं सगळं लपवलं, ते त्यांना लिहावंच लागेल. पुढचं कोर्ट ठरवेल. त्यानं हात जोडले.

जाता जाता तो शिवप्पापुढं थांबला. एका निरपराध पोराला आपण फासाच्या दोरापर्यंत नेलं, हे त्याला ठाऊक होतं. क्षमा मागायची हिंमत त्याला झाली नाही. त्यानं दुसरंच मागितलं.

"शिवा, तू ऐकलीस ती साद. कशी हुती? भ्याला हुता का त्यो?"

शिवप्पानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. धुळाप्पाची नजर त्याच्या ओठांवर होती, तहानलेल्या माणसाची पाण्यावर असते तशी.

"न्हाय, मामा," शिवप्पा हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "भजनात द्येत्यात तशी दिली. गोड. त्याला कळलंबी नसंल काय झालं ते."

धुळाप्पानं डोळे मिटले. हवालदार त्याला घेऊन गेला.

अंगणात आल्यावर फौजदार शिवप्पाजवळ गेले. "खरंच तशी होती?"

शिवप्पानं आईच्या खांद्यावर हात टाकला होता. तो फाटकाकडे बघत राहिला.

"जाऊ द्या, सायेब," तो म्हणाला. "तेवडं नका लिवू."